शांतता बैठकीत लेखकानेच सही का करायची?

पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘माधोरुबागन’ या तमिळ कादंबरीवर कोणत्याही सरकारने कधी बंदी घातली नाही. राजपत्रात अधिसूचना निघाली नाही, कोणत्या न्यायालयाने पुस्तक जप्त करायला सांगितले नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये लेखकाने ती मागे घेतली, बिनशर्त माफी लिहून दिली आणि आपल्यातला लेखक मेला असे जाहीर केले. हे सगळे घडले नामक्कलच्या जिल्हाधिकारी कार्यालयात बोलावलेल्या एका ‘शांतता बैठकी’त.

आपल्याकडे साहित्यस्वातंत्र्याची चर्चा निघाली की बोलणे बंदी आणि खटला यांच्याभोवतीच फिरते. पण बंदीला निदान कायद्याची चौकट असते. खटल्यात तारीख असते, वकील असतो, अपील असते. कादंबरीकाराला खरा धोका आहे तो ‘साहेबांनी मध्यस्थी करून मिटवले’ या प्रकाराचा. त्याचा कागद धड सरकारी नसतो आणि धड खासगीही नसतो. मुरुगन यांचे प्रकरण त्यासाठीच नीट समजून घ्यावे लागते, आणि त्याची सुरुवात त्यांच्या लिहिण्यापासून करावी लागते. कारण वादही त्या लिहिण्याच्या पद्धतीतूनच उभा राहिला.

मुरुगन १९६६ साली तिरुचेंगोडेजवळच्या एका शेतकरी कुटुंबात जन्मले. हा तमिळनाडूच्या पश्चिमेचा कोंगुनाडू. पावसाच्या पाण्यावरची कोरडवाहू शेती, भुईमूग, एरंड, ताडाची झाडे, शेळ्या-मेंढ्यांचे वाडे. वडील शेती सांभाळून सिनेमा थिएटरात सोडा विकत. हे दोन्ही व्यवसाय त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत थेट उतरले आहेत. १९९१ च्या ‘एरु वेय्यिल’मध्ये घरबांधणी वसाहतीसाठी शेती जाते आणि तिच्याबरोबर कुटुंबाची घडी विस्कटते. त्यानंतरच्या ‘निळल मुत्रम’मध्ये थिएटरात सोडा विकणारी पोरे आहेत, त्यांचा दिवस पडद्यावरच्या खेळाच्या वेळांनी बांधलेला आहे. २००० साली आलेल्या ‘कूळमादारी’त गौंडर या शेतकरी जातीच्या लोकांच्या शेतावर सालाने बांधलेली दलित गुराखी मुले आहेत. मुरुगन स्वतः शेतकरी जातीतले, पण या पुस्तकात नजर वाड्यावरून खाली पाहत नाही. मुलांच्या भुकेच्या उंचीवरूनच सगळे दिसते.

त्यांची दुसरी बाजू अभ्यासकाची. कोंगु प्रदेशातलेच जुने कादंबरीकार आर. षण्मुगसुंदरम यांच्यावर त्यांनी पीएच.डी. केली. कोंगु बोलीचा शब्दकोश त्यांनी तयार केला. शेताच्या बांधाला, गोठ्यातल्या दावणीला, पावसाच्या निरनिराळ्या तऱ्हांना त्या भागात काय म्हणतात हे गोळा करत हिंडणारा हा माणूस सरकारी महाविद्यालयात तमिळ शिकवत होता. बोलीचा कोश करणारा कादंबरीकार ‘एक गाव होते’ असे मोघम लिहूच शकत नाही. त्याच्या गावाला नाव असते, गावाला देऊळ असते, देवळाला जत्रा असते आणि माणसांना जात असते.

‘माधोरुबागन’ तशीच जन्मली. तिरुचेंगोडेच्या डोंगरावर अर्धनारीश्वराचे जुने देवस्थान आहे. या परिसरावर संशोधन करण्यासाठी मुरुगन यांना इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची शिष्यवृत्ती मिळाली होती. फिरताना त्यांना ‘सामी पिळ्ळै’, म्हणजे देवाने दिलेले मूल, असे म्हणवले जाणारे वयस्क लोक भेटले. वैकासी महिन्यातल्या रथोत्सवाच्या चौदाव्या रात्री मूल नसलेल्या बायकांना मोकळीक असे आणि त्या रात्रीचा अनोळखी पुरुष देवरूप मानला जाई, अशी आठवण लोकांत होती. ही सगळी पार्श्वभूमी त्यांनी प्रस्तावनेत सरळ सांगून टाकली.

कादंबरी मात्र जत्रेविषयी नाही. ती काली आणि पोन्ना या जोडप्याविषयी आहे, स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली. सुरुवातीलाच काली सासुरवाडीच्या अंगणातल्या पारसपिंपळाकडे बघत उभा असतो. लग्नाच्या वेळी त्यानेच लावलेले ते रोप बारा वर्षांत गच्च सावली देणारे झाड झाले आहे, आणि घरात मात्र पाळणा हललेला नाही. झाड वाढले, आपण नाही, हे लेखक एकदाही बोलून दाखवत नाही. पुढे वाचक या बारा वर्षांचा हिशेब बघतो. कडू पाल्याचे रस, नवस, उपास, शुभकार्यात पोन्नाला मागे ठेवणे. डोंगराच्या टोकावर वांझ बायकांनी प्रदक्षिणा घालायचा एक खडक आहे. बाजूला पाय ठेवण्यापुरती जागा आणि खाली दरी. पोन्ना तीही प्रदक्षिणा पुरी करते. कालीला दुसऱ्या लग्नाचे सुचवले जाते, तो नकार देतो. मग दोन्ही घरच्या आया मिळून चौदाव्या रात्रीचा मार्ग काढतात. कालीला तो मान्य नसतो. पोन्नाचा भाऊ मुत्तू त्याला दारू प्यायला दूर घेऊन जातो आणि पोन्नाला सांगतो, नवऱ्याची संमती आहे. ती जाते. काली पहाटे परततो तेव्हा घरात कोणी नसते.

म्हणजे गाभा आहे तो संमतीचा आणि फसवणुकीचा. ज्या माणसांचे एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे, त्यांच्यात गावाची कुजबुज कशी शिरते, याचा. या शेवटानंतर काय झाले असेल, याची दोन वेगवेगळी उत्तरे मुरुगन यांनी २०१४ मध्ये दोन स्वतंत्र कादंबऱ्यांतून दिली: एकीत काली मरतो, दुसरीत जगतो. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देणारा लेखक गावाचा इतिहास सिद्ध करायला बसलेला नसतो, हे एवढ्यावरून कळायला हरकत नव्हती.

तमिळ पुस्तक २०१० साली कालचुवडु प्रकाशनाने काढले. चार वर्षे कोणाची तक्रार नव्हती. २०१३ च्या अखेरीस इंग्रजी अनुवाद आला. वर्षभराने, डिसेंबर २०१४ मध्ये, तिरुचेंगोडेत निवडक पानांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या. कादंबरीचे झेरॉक्समध्ये काय होते हे समजून घेण्यासारखे आहे. चौदाव्या रात्रीचा उल्लेख असलेली चार-दोन पाने बाजूला काढली की पारसपिंपळ जातो, खडक जातो, मुत्तूचे खोटे बोलणे जाते. उरते एवढेच: आमच्या देवळाच्या जत्रेत आमच्या बायका असे करत होत्या. ही पाने हातात पडलेला माणूस चिडला तर त्यात नवल नाही. पण तो कादंबरीवर चिडलेला नसतो. कोणीतरी त्याच्यासाठी तयार केलेल्या वेगळ्याच मजकुरावर चिडलेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस पुस्तक जाळले गेले, ९ जानेवारी २०१५ रोजी गावात बंद पाळला गेला. मुरुगन यांनी आधीच निवेदन काढून सांगितले होते की पुढच्या आवृत्तीत गावाचे नाव काढून टाकतो. तेवढ्याने भागले नाही.

१२ जानेवारीला जिल्हा महसूल अधिकाऱ्यांनी बैठक बोलावली. तमिळनाडूत हे पद साधारण आपल्याकडच्या अपर जिल्हाधिकाऱ्याच्या तोडीचे. एका बाजूला आंदोलनवाल्या संघटनांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला लेखक आणि त्यांचे वकील, मध्ये प्रशासन. घासाघीस झाली ती शब्दांवर. ‘खेद’ चालेना, ‘मनापासून खेद’ही चालेना; शेवटी ‘बिनशर्त माफी’ घालून घेतली. न विकलेल्या प्रती मागे घ्यायच्या, वादग्रस्त मजकूर वगळायचा, आणि त्या बदल्यात आंदोलन थांबणार. लेखकाने सही केली. त्यानंतर फेसबुकवर त्यांनी लिहिले की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला, तो देव नाही, म्हणून पुन्हा उठणार नाही, यापुढे पे. मुरुगन हा फक्त शिक्षक जगेल. प्रकाशकांनी पुस्तके विकू नयेत, नुकसान भरून देईन, असेही त्यात होते.

या बैठकीची कायद्यात जागा कोणती? शोधून पाहा, सापडत नाही. पुस्तक जप्त करायचे तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५ होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ९८ आहे. तो अधिकार राज्य सरकारचा आहे, जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याचा नाही. सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात कारणे द्यावी लागतात. त्यानंतर दोन महिन्यांत कोणीही संबंधित व्यक्ती उच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि ते प्रकरण किमान तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालते. कायदा करणाऱ्यांनी पुस्तकाची जप्ती मुद्दाम अवघड करून ठेवली आहे. धर्मभावना दुखावल्याच्या किंवा समाजात वैर पसरवल्याच्या आरोपाखाली खटला चालवायचा, तरी न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. या सगळ्या गाळण्या आहेत, आणि शांतता बैठकीत त्यातली एकही नसते. कोणती पाने, कोणता कायदा, कोणते कारण, हे कोणी लिहीत नाही. अपील कुठे करायचे? कागदावर लेखकाची सही ‘स्वेच्छेने’ असते.

या गाळण्यांचा उपयोग महाराष्ट्राला चांगला ठाऊक असायला हवा. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर राज्य सरकारने २००४ मध्ये बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. पुस्तक कोणाला आवडो न आवडो, अधिसूचना होती म्हणून तिच्यातली कारणे तपासता आली. त्याच्याही आधी चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेचे प्रकरण आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली ही कथा अश्लील ठरवून उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले, तर सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष सोडले. दिवाळी अंकातल्या एका मराठी कथेवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बसून विचार केला आणि कृती सुटी-सुटी न वाचता समग्र वाचायची, हा दंडक त्यातून पक्का झाला. काकोडकरांची सात वर्षे गेली हे खरे. पण मुरुगन यांना एका बैठकीत जे गमवावे लागले, ते काकोडकरांना त्या सात वर्षांत गमवावे लागले नाही.

आणि आनंद यादव? त्यांची आठवण आल्याशिवाय मराठी वाचकाला मुरुगन यांची गोष्ट वाचताच येणार नाही. कागलच्या गरीब शेतकरी घरातला मुलगा, बोलीला साहित्यात मानाने बसवणारा लेखक, विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक, ‘गोतावळा’ आणि ‘झोंबी’ लिहिणारा. ‘संतसूर्य तुकाराम’मधल्या तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी प्रकरण मिटले नाही. २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले आणि ते संमेलन अध्यक्षाविना पार पडले. त्या कादंबरीची कलात्मक बाजू फार भक्कम आहे असे नाही. ‘झोंबी’च्या लेखकाकडून अपेक्षा याहून मोठी होती. पण कादंबरी फसली तर ते समीक्षकाने सांगायचे असते. इथे समीक्षकांना बोलायला अवसरच मिळाला नाही, कारण त्याआधीच माफीनामा झाला होता. मागे घेतलेल्या पुस्तकाची चर्चा बंद होते. ते चांगले की वाईट हे ठरायचे राहूनच जाते.

यादव आणि मुरुगन यांच्यात फरक पडला तो एका गोष्टीने: तमिळनाडूत लेखकांची संघटना कोर्टात गेली. तमिळनाडू पुरोगामी लेखक-कलावंत संघाचे एस. तमिळसेल्वन यांनी त्या समझोत्यालाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. समोरून पुस्तकावर कारवाई मागणाऱ्या याचिकाही आल्या. ५ जुलै २०१६ रोजी मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांनी निकाल दिला. १२ जानेवारीचा समझोता कोणावरही बंधनकारक नाही, कारवाईच्या मागण्या फेटाळल्या, आणि पुस्तक आवडत नसेल तर ते फेकून द्या, वाचायची सक्ती कोणावर नाही, असे सुनावले. लेखक पुन्हा उठणार नाही, या मुरुगन यांच्याच वाक्याला उत्तर देत निकालाच्या अखेरीस न्यायालयाने म्हटले की लेखकाला जे उत्तम जमते त्यासाठी त्याचे पुनरुत्थान होवो. लिहा.

समझोत्यात सही लेखकाची होती, पण आव्हान दिले दुसऱ्यांनी, हे लक्षात घ्यायला हवे. ज्याने सही केली, तो माणूस त्या क्षणी लढायच्या अवस्थेत नसतो. घर त्याच गावात, नोकरी त्याच जिल्ह्यात, नातेवाईक त्याच जातीत. मुरुगन सरकारी नोकर होते, त्यामुळे बदलीचा प्रश्नही होताच. पुढे त्यांना नामक्कल सोडून चेन्नईला जावे लागले. आपल्याकडेही लिहिणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, महामंडळांचे कर्मचारी, अनुदानित महाविद्यालयांतले प्राध्यापक किती तरी आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. पुस्तकावर मोर्चा निघाला की पहिला फोन लेखकाला येत नाही, त्याच्या वरिष्ठाला येतो. बैठकीत तो वरिष्ठ अनेकदा हजरही असतो, आणि ‘समजुतीने घ्या’ हे वाक्य त्याच्याच तोंडून निघते.

प्रशासनाची बाजूही मांडायला हवी. गाव बंद आहे, बाजार बंद आहे, उद्या दगडफेक झाली तर जाब अधिकाऱ्यालाच विचारणार. अशा वेळी दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवणे हा त्याचा सवयीचा मार्ग असतो; पाण्याच्या, जत्रेच्या, मिरवणुकीच्या भांडणांत तो चालतोही. पण मिरवणुकीच्या भांडणात दोन्ही गट रस्त्यावर असतात, दोघांकडे काही सोडण्यासारखे असते. पुस्तकाच्या वादात रस्त्यावर एकच बाजू असते. लेखक घरी बसलेला असतो. त्यामुळे ‘दोघांनी थोडे थोडे मागे या’ म्हटले की मागे यायला फक्त लेखक उरतो. आंदोलक सोडतात ते काय? ज्या बंदने लोकांची गैरसोय केली, तो बंद. म्हणजे कायदा मोडण्याची धमकी हेच त्यांचे भांडवल, आणि प्रशासन त्याला बाजारभाव देते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एस. रंगराजन या चित्रपट-निर्मात्याच्या प्रकरणात सांगितले आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. धमकीला आवर घालणे हे सरकारचे काम. त्यासाठी लागणारे अधिकार अधिकाऱ्याच्या हातात आहेतच: शांतता राखण्याचे बंधपत्र घेणे, जमावबंदी, पोलीस संरक्षण. हे सगळे बाजूला ठेवून लेखकाकडून माफी घेणे स्वस्तात पडते, एवढेच.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. खरे गाव, खरे देऊळ, खरी जात. तिरुचेंगोडेतल्या बाईला उद्या बाजारात कोणी टोमणा मारला तर? ‘ही कादंबरी आहे’ हे उत्तर तिच्या उपयोगाचे नाही. कायद्याचे उत्तर असे की बदनामी व्हायला ओळखता येईल अशी व्यक्ती किंवा निश्चित गट लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या काळातले, हजारोंच्या जातीतले काल्पनिक जोडपे त्यात बसत नाही. साहित्याचे उत्तर वेगळे आहे. पोन्नाला कादंबरी कुठेच खालच्या नजरेने पाहत नाही. खालच्या नजरेने पाहतो तो टोमणा मारणारा, आणि त्याच्याविषयीच तर पुस्तक आहे. नियोगाच्या, म्हणजे परपुरुषापासून अपत्य मिळवण्याच्या, कथा महाभारतात वाचणारा समाज अंबिका-अंबालिकेला बदनाम मानत नाही. मग शेतकऱ्याच्या बायकोचे नाव आले की इभ्रत का जाते, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते त्याचे उत्तर बरेचसे जातीच्या अभिमानात आहे आणि थोडेसेच श्रद्धेत.

पुरावा द्या, अशी मागणीही झाली. इथे प्रस्तावनाच लेखकाच्या अंगावर आली. संशोधनासाठी शिष्यवृत्ती घेतली, लोकांना भेटलो, असे प्रामाणिकपणे लिहिले. मग ते संशोधन दाखवा, नावे सांगा. ही मागणी पुरी करणे म्हणजे ‘सामी पिळ्ळै’ म्हणवणाऱ्या वृद्धांना जमावासमोर उभे करणे. कोणताही सभ्य माणूस ते करणार नाही. मौखिक आठवणीवर लिहिणाऱ्या कादंबरीकाराने इतिहासकाराचा दाखला देऊ नये, आणि त्याच्याकडे कोणी मागूही नये. मराठीत चरित्रात्मक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांचे पीक मोठे; आपल्या प्रस्तावनांत ‘सखोल संशोधनावर आधारित’ असा शिक्का मारायची हौसही मोठी. तो शिक्का विक्रीला उपयोगी पडतो, पण वाद झाला की तोच साक्षीदार म्हणून समोर उभा राहतो. बखरीतले काय, आठवणीतले काय आणि मनातले काय, हे वेगवेगळे सांगणे लेखकाच्याच हिताचे. स्रोत सांगावेत, पण त्यांच्यावर सत्यतेची हमी देऊ नये.

निकालाने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. त्या गप्प काळात मुरुगन यांनी दोनशेच्या वर कविता लिहिल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत त्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांनी सांगितले की आता माझ्या आत एक सेन्सॉर बसला आहे, जन्मणारा प्रत्येक शब्द तो तपासतो. त्याच वर्षी आलेल्या ‘पूनाची’ या शेळीच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ते म्हणतात, माणसांविषयी लिहायची भीती वाटते, देवांविषयी तर फारच; जनावरांवर लिहावे तर गाय आणि डुक्कर चालणार नाही; उरल्या शेळ्या, त्या निरुपद्रवी. हा विनोद कडवट आहे, आणि कादंबरीही. तिच्यात सरकार शेळ्यांचे कान टोचून नोंद करते, रांगा लावायला लावते, आणि भिंतींना कान असल्यासारखी माणसे दबकून बोलतात. कादंबरी उत्तमच आहे. पण ज्या लेखकाने जागेला नाव देऊन, झाडाला नाव देऊन, जातीला नाव देऊन लिहिण्यात आयुष्य घातले, तो आता ‘असुरलोक’ म्हणून एका अनामिक प्रदेशात कथा नेतो. काहींना यात कलेचा विजय दिसला. मला त्यात एका भूगोलाचे नुकसानही दिसते. नंतर ‘आळंडापट्ची’च्या इंग्रजी अनुवादाला २०२३ चे जेसीबी साहित्य पारितोषिक मिळाले, पण ती कादंबरी वादाच्या आधीची.

मद्रासच्या निकालात एक सूचना होती: अशा वादांत सल्ला द्यायला साहित्य-कलेतल्या जाणकारांची समिती नेमा. निकालाचा हाच भाग मला सर्वांत कच्चा वाटतो. महाराष्ट्रात अशा समितीवर कोणाची वर्णी लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि एकदा समिती आली की प्रकाशक छापण्याआधीच तिच्याकडे हस्तलिखित धाडू लागतील. वादानंतरचा सल्ला वादाआधीचा परवाना होईल.

त्यापेक्षा साधे नियम पुरेत, आणि ते एका शासन परिपत्रकात बसतील. पुस्तकाविरुद्धची तक्रार लेखी घ्यावी, अख्ख्या पुस्तकासह. झेरॉक्स पानांवर नाही. तक्रारदाराने कोणत्या कलमाखाली कारवाई हवी ते लिहावे. जिल्हा प्रशासनाने ती गृहविभागाकडे पाठवावी आणि लेखकाला प्रत द्यावी. स्वतः निवाडा करू नये. कायदा-सुव्यवस्थेची बैठक घ्यावी ती बंद पुकारणाऱ्यांची, आणि विषय फक्त बंदचा. लेखकाला तिथे बोलावू नये; तो आपणहून आला तर वकिलासह, आणि बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी दोन्ही बाजूंना मिळावे. माफीच्या मजकुराला कोणत्याही अधिकाऱ्याने हात लावू नये. कोणाला खेद व्यक्त करायचाच असेल तर तो घरी बसून करेल. इतिवृत्ताची सक्ती ही यातली सर्वांत कामाची गोष्ट, कारण अधिकारी जे बोलतो ते कागदावर यायचे म्हटले की ‘मिटवून टाका’ची भाषा आपोआप बदलते.

प्रकाशकांच्या घरातही झाडलोट हवी. मराठीतल्या बहुतेक करारपत्रांत मजकुराची सगळी जबाबदारी लेखकाची, दावा लागला तर खर्च लेखकाचा, असे कलम असते, आणि लेखक ते न वाचता सही करतो. हजार-पाचशे प्रतींच्या आवृत्तीवर मिळणारे मानधन वकिलाच्या पहिल्या तारखेलाही पुरत नाही. प्रकाशकाने हस्तलिखित वाचून, संपादून, मान्य करून छापले असेल तर बचावाचा निम्मा खर्च त्याने उचलावा आणि लेखकाच्या लेखी संमतीशिवाय पुस्तक बाजारातून काढू नये, एवढी दोन कलमे करारात आली तरी बैठकीतल्या लेखकाचे बळ वाढेल. साहित्य महामंडळ आणि त्याच्या घटक संस्था संमेलनावर जे खर्च करतात, त्यातला छोटासा वाटा कायदेशीर मदतनिधीसाठी ठेवता येतो. महाबळेश्वरला अध्यक्षाची खुर्ची रिकामी राहिली तेव्हा या संस्थांनी ठराव केले असतील, निषेधही केले असतील. याचिका मात्र कोणी केली नाही.